हाइलब्रॉनची केस: स्वॅबवर आधीपासूनच कुणाचा तरी डीएनए होता

जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहरात २५ एप्रिल २००७ ला दुपारी दोनच्या सुमारास टेरेझियेनवीझे नावाच्या मैदानाशेजारी पोलिसांची एक गाडी उभी होती, आत दोन पोलीस, ड्युटीमधला छोटासा ब्रेक. कुणीतरी दोन्ही बाजूंनी गाडीजवळ आलं आणि दोघांच्या डोक्यात जवळून गोळ्या घातल्या. मिशेल किझेवेटर ही २२ वर्षांची पोलीस जागीच गेली, तिचा सहकारी कित्येक दिवस कोमात होता, वाचला, पण त्याला त्या क्षणाचं काहीच आठवत नाही. दोघांची सर्व्हिस पिस्तुलं गायब. साक्षीदारांचे जबाब एकमेकांशी जुळत नव्हते. मग राहिलं काय, तर गाडी. आणि गाडीला मारेकऱ्याचा हात कुठंतरी लागला असणार या आशेवर फॉरेन्सिकच्या लोकांनी ओल्या स्वॅबनं, म्हणजे टोकाला कापूस गुंडाळलेल्या काडीनं, आतले बाहेरचे पृष्ठभाग पुसून घेतले.

मधल्या कन्सोलवरून आणि मागच्या सीटवरून घेतलेल्या सॅम्पलमध्ये एका बाईचा डीएनए मिळाला. डेटाबेसमध्ये टाकला तर मॅच आला, आणि तो पण एक नाही, भरपूर.

ही केस मला परत परत लिहाविशी वाटते कारण स्पर्शाच्या डीएनएबद्दल जे काही शिकायचं ते जवळजवळ सगळं हिच्यात आहे. लोक ही केस "पोलिसांची फजिती" म्हणून सांगतात आणि हसून सोडून देतात, मला ते बरोबर वाटत नाही. एक तरुण मुलगी मेली होती, आणि तिच्या खुन्यांचा तपास जवळजवळ दोन वर्षं अशा माणसामागे गेला ज्याचा त्या खुनाशी काडीचाही संबंध नव्हता. हे कसं झालं ते नीट, टप्प्याटप्प्यानं बघायला पाहिजे.

आधी त्या बाईचा माग. सगळ्यात जुना धागा १९९३ चा, इडार-ओबरश्टाइन गावात ६२ वर्षांच्या एका बाईंचा गळा आवळून खून झाला होता, घरात एक चहाचा कप होता, त्या कपावरचं सॅम्पल बऱ्याच वर्षांनी म्हणजे २००१ मध्ये तपासलं गेलं आणि त्यातून तिचं हे प्रोफाइल, म्हणजे डीएनएवरून काढलेली माणसाची ओळखखूण, आलं. २००१ मध्येच फ्रायबुर्गला जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याचा खून झाला, तिथं स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरवर तीच. त्याच वर्षी गेरोलश्टाइनमध्ये एका सात वर्षांच्या मुलाचा पाय हेरॉइनच्या सिरिंजवर पडला, त्या सिरिंजवर तीच. एका फोडलेल्या कॅराव्हॅनमधल्या अर्धवट खाल्लेल्या बिस्किटावर तीच. २००४ मध्ये फ्रान्समधल्या दरोड्यात वापरलेल्या खेळण्यातल्या पिस्तुलावर, २००५ मध्ये वोर्म्सला एका भावानं दुसऱ्या भावावर झाडलेल्या गोळीवर, ऑस्ट्रियातल्या घरफोड्यांमध्ये, सगळीकडे तीच. शेवटी शेवटी गुन्ह्यांच्या ठिकाणांचा आकडा ४० च्या आसपास गेला. पेपरवाल्यांनी तिचं नाव "हाइलब्रॉनचं भूत" ठेवलं.

आता जरा थांबून बघू की या सगळ्या वस्तू कुठल्या आहेत. कप, ड्रॉवर, सिरिंज, बिस्किट, खेळण्यातलं पिस्तूल, गोळी, गाडीचं कन्सोल. कुठंही तिच्या रक्ताचा डाग मिळालेला नाही, कुठं तिच्या बोटांचा ठसा नाही, कुठल्या कॅमेऱ्यात ती नाही. जे आहे ते सगळं अगदी थोड्या प्रमाणातलं, डोळ्यांना न दिसणारं, आणि दर वेळी स्वॅबनं पुसून उचललेलं. मला वाटतं केसचा गाभा इथंच आहे, त्यामुळे सॅम्पल घेण्याची पद्धत थोडी सविस्तर सांगतो.

आपण एखाद्या वस्तूला हात लावतो तेव्हा त्वचेच्या मेलेल्या पेशी, घाम, आणि हात आधी तोंडाला, नाकाला, डोळ्याला लागलेला असेल तर तिथल्याही पेशी वस्तूवर राहतात. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पेशींमध्ये केंद्रक, म्हणजे जिथं डीएनए असतो तो भाग, जवळजवळ उरलेलंच नसतं, त्यामुळे स्पर्शातून मिळणारा बराचसा डीएनए हा पेशीबाहेर पडलेला मोकळा डीएनए किंवा घामा-लाळेबरोबर आलेला असतो असं मानतात. किती मिळेल याचा काही भरवसा नाही, वस्तू खरखरीत आहे की गुळगुळीत, किती वेळ हातात होती, हात कधी धुतले होते, आणि तो माणूसच मुळात जास्त डीएनए सोडणारा आहे की कमी, या सगळ्यावर ते ठरतं. माणसाच्या एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. लॅबच्या नेहमीच्या तपासणी किटला छान पूर्ण प्रोफाइल द्यायला अर्धा ते एक नॅनोग्रॅम (५०० ते १००० पिकोग्रॅम) लागतो, म्हणजे ७५ ते १५० पेशींचा माल. स्पर्शाच्या सॅम्पलमध्ये कितीतरी वेळा १०० पिकोग्रॅमपेक्षाही कमी असतो, म्हणजे पंधरा पेशींच्या आतलं काम.

१९९७ मध्ये रोलंड व्हॅन ऊरशॉट आणि मॅक्सवेल जोन्स या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी 'नेचर'मध्ये एक अगदी छोटा पेपर छापला की नुसत्या हात लावलेल्या वस्तूंवरून सुद्धा डीएनए प्रोफाइल मिळतं. तिथून जगभरच्या पोलिसांचं काम बदललं, कारण त्याआधी रक्त, वीर्य, लाळ, मुळासकट केस असलं काहीतरी लागायचं आणि आता दाराची कडी पण चालायला लागली. त्याच पेपरमध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती जी तेव्हा कमी लोकांनी मनावर घेतली, ती म्हणजे एकाचा डीएनए दुसऱ्याच्या हातावर आणि तिथून पुढं वस्तूवर जाऊ शकतो. म्हणजे हे तंत्र जन्मालाच त्याच्या इशाऱ्यासकट आलं होतं.

उचलायची पद्धत अशी की स्वॅब निर्जंतुक पाण्यानं ओला करून पृष्ठभागावर दाबून फिरवायचा, मग दुसरा कोरडा स्वॅब फिरवून उरलेला ओलावा टिपायचा, दोन्ही एकत्र तपासायचे. कपड्यावर स्वॅबऐवजी चिकट टेप जास्त चांगली चालते. लॅबमध्ये कापसातून डीएनए सोडवायचा, किती आहे ते मोजायचं, मग पीसीआरमध्ये त्याच्या प्रती काढायच्या. पीसीआरच्या दर फेरीत प्रती साधारण दुप्पट होतात, २८ फेऱ्यांमध्ये एका रेणूचे सिद्धांतानुसार २६ कोटींच्या वर होतात, आणि कमी मालासाठी काही लॅब ३४ फेऱ्यांपर्यंत जायच्या म्हणजे त्याच्याही ६४ पट. इतकी संवेदनशील पद्धत गुन्हेगाराचा डीएनए आणि स्वॅब पॅक करणाऱ्या कामगाराचा डीएनए यात फरक करत नाही, तिला दोन्ही सारखेच. जे नळीत आहे ते वाढवायचं एवढंच तिला कळतं.

परत तपासाकडे. हाइलब्रॉनच्या खुनासाठी "पार्कप्लाट्झ" नावाचं खास पथक होतं. डीएनएवरून बाई आहे हे माहीत, मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या (हा फक्त आईकडून येतो) तपासणीवरून तिचं मूळ पूर्व युरोप किंवा रशियाकडचं असावं असा अंदाज बांधला गेला, शेकडो बायकांचे नमुने घेतले गेले, जानेवारी २००९ मध्ये माहिती देणाऱ्याला मिळणारं बक्षीस ३ लाख युरोपर्यंत वाढवलं. फिरस्त्या समाजांकडे, विशेषतः रोमा लोकांकडे संशयाच्या नजरा वळल्या, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त बोचतो, कारण चुकीच्या डीएनएची किंमत फक्त पोलिसांचा वेळ वाया जाण्यात मोजून भागत नाही, ज्यांच्याकडे आधीच कुणी विश्वासानं बघत नव्हतं त्यांच्या दारात ती वसूल होते.

इशारे नव्हते असं मात्र अजिबात नाही. काही गुन्ह्यांत बाकीचे आरोपी पकडले गेले होते, वेगवेगळ्या देशांचे, एकमेकांना न ओळखणारे, आणि त्यातल्या कुणीच आपल्याबरोबर अशी बाई होती हे कबूल केलं नाही. पोलिसांनी याचा अर्थ असा लावला की ते तिला घाबरतात किंवा तिला वाचवतात. गुन्ह्यांची जात पण जुळत नव्हती, म्हातारीचा खून, ड्रग्ज, शाळा-दुकानातल्या किरकोळ चोऱ्या, पोलिसाची हत्या, असं सगळं एकच व्यक्ती करते आणि सोळा वर्षांत एकदाही बोटाचा ठसा सोडत नाही. नकाशा बघितला तर ती बाडेन-व्युर्टेमबर्ग, र्‍हाइनलँड-पॅलॅटिनेट, झारलँड, ऑस्ट्रिया, फ्रान्स असं सगळीकडे फिरते पण मध्ये पसरलेल्या बव्हेरियात पाऊल ठेवत नाही. नंतर कळलं की बव्हेरियाचे पोलीस वेगळ्या ठिकाणचे स्वॅब वापरत होते. म्हणजे नकाशावर तिचा प्रवास दिसतच नव्हता, दिसत होतं ते स्वॅब कुठं कुठं पुरवले गेले ते.

दर नवीन मॅचला पोलिसांचा विश्वास वाढत गेला, आणि हे समजण्यासारखं आहे, माणसाचं मन असंच चालतं, एकच उत्तर दहा ठिकाणांहून आलं की ते पक्कं वाटतं. पण दहा ठिकाणांची उत्तरं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच ती दहा उत्तरं असतात. इथं सगळ्यांमध्ये एक वस्तू समान होती, आणि ती वस्तू पुराव्याच्या यादीत नव्हती, ती तपासणाऱ्यांच्या हातात होती.

खुलासा झाला तो एका वेगळ्याच कामातून. जळालेला एक मृतदेह होता, पुरुषाचा, तो कोण हे ठरवायचं होतं. बेपत्ता असलेल्या एका माणसाचा असावा अशी शंका होती आणि त्या माणसानं आश्रयासाठी केलेल्या अर्जावर त्याच्या बोटांचे ठसे होते, तर मार्च २००९ मध्ये त्या कागदावरच्या ठशांवरून डीएनए काढायचा प्रयत्न झाला. स्पर्शाच्या डीएनएचं अगदी नेहमीचं काम, कागदाला लागलेली बोटं. आणि प्रोफाइल आलं भुताचं. पुरुषाच्या बोटांच्या ठशातून बाईचा डीएनए! लिंग ठरवणारी खूण प्रत्येक किटमध्ये असते त्यामुळे इथं सारवासारव करायला जागाच नव्हती. परत दुसऱ्या स्वॅबनं सॅम्पल घेतलं तर ती गायब. मग कुणीतरी तो प्रश्न विचारला जो आधीच विचारायला हवा होता: न वापरलेल्या स्वॅबमध्ये काय आहे?

न वापरलेल्या स्वॅबमधून तिचा माग निघाला, आणि तो स्वॅबच्या पॅकिंगच्या कामातल्या एका स्त्री कामगारापर्यंत पोचला. तिनं काही गुन्हा केलेला नव्हता, चूक सुद्धा तिची नव्हती, ते स्वॅब वैद्यकीय वापराच्या दर्जाचे होते आणि त्या दर्जात डीएनए नसण्याची अटच नव्हती. २००९ च्या मार्च अखेरीस अधिकाऱ्यांनी जाहीर करून टाकलं की अशी कुणी गुन्हेगार बाई अस्तित्वातच नाही.

इथं निर्जंतुक आणि डीएनएमुक्त यातला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण आजही मला शिकलेली माणसं ही गल्लत करताना दिसतात. निर्जंतुक करणं म्हणजे जिवाणू, बुरशी यांना असं मारणं की ते वाढू नयेत. मेलेल्या पेशीतला डीएनए तिथंच राहतो. किरणोत्सारानं निर्जंतुक केलं तर डीएनएचे तुकडे होतात खरे, पण फॉरेन्सिकमध्ये आपण साधारण १०० ते ४५० अक्षरांचेच (अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतला एक घटक) तुकडे बघतो, आणि कोरड्या डीएनएमध्ये एवढे तुकडे शाबूत राहू शकतात. इथिलीन ऑक्साइड वायूची प्रक्रिया जास्त उपयोगी पडते कारण तो वायू डीएनएच्या अक्षरांना रासायनिक रीतीनं चिकटतो आणि मग पीसीआरला त्याच्या प्रती काढता येत नाहीत. तो पण रामबाण नाही, डोस आणि वेळ कमी पडला किंवा डीएनए जास्त असला तर काही उरतंच.

मग कोऱ्या स्वॅबची तपासणी लॅब आधी करत नव्हत्या का? करत होत्या. पण कंट्रोल म्हणून, म्हणजे सामान स्वच्छ आहे ना हे बघायला, तपासलेला स्वॅब आणि गाडीवर फिरवलेला स्वॅब हे दोन वेगळे स्वॅब असतात. हे प्रदूषण सगळ्या स्वॅबवर सारखं नव्हतं, एखाद्यावर काही पेशी, बाकीच्यांवर काहीच नाही. एका पाकिटातले दोन-चार स्वच्छ निघाले म्हणून पाकीट स्वच्छ असं म्हणता येत नाही, आणि जे स्वॅब तुम्ही कंट्रोलमध्ये संपवले ते तर परत वापरायचे नसतातच. शिवाय लॅबचा कंट्रोल बऱ्याचदा रसायनांचा असतो, त्यात स्वॅब नसतोच, त्यामुळे पाणी, एन्झाइम, नळ्या सगळं स्वच्छ दिसतं आणि खरा घाणेरडा टप्पा तपासणीच्या बाहेर राहतो.

दुसरं कारण जास्त खोल आहे आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्या ठिकाणी खऱ्या गुन्हेगाराचं रक्त भरपूर पडलेलं असतं तिथं स्वॅबवरच्या चार पेशी त्यात बुडून जातात, प्रोफाइलमध्ये दिसतही नाहीत. त्या दिसतात कधी, तर वस्तूवरून जवळपास काहीच मिळत नाही तेव्हा. म्हणजे ज्या केसमध्ये पुरावा सगळ्यात कमी, जिथं पोलीस सगळ्यात हतबल, नेमकं तिथंच भूत सगळ्यात स्पष्ट उभं राहणार. न सुटलेल्या केसेसमध्ये ती इतक्या वेळा सापडली यात गूढ काही नाही, ती पद्धतच तिला अशा केसेसमधून वेचून काढत होती. आणि ती अर्धवट, तुटक येत नव्हती, चांगलं ओळखू येईल असं प्रोफाइल यायचं. लॅबमध्ये हवेतून पडलेला एखादा सुटा अलील, म्हणजे प्रोफाइलमधली एकच खूण, दिसला तर लोक सावध होतात, पण पूर्ण, परत परत तेच येणारं प्रोफाइल बघून उलट खात्री वाटते.

अजून एक गोष्ट. डीएनएच्या रिपोर्टमध्ये जे अब्जांमध्ये एक असे आकडे येतात ते फक्त एवढंच सांगतात की हे प्रोफाइल योगायोगानं दुसऱ्याच कुणाशी जुळण्याची शक्यता किती कमी आहे. हाइलब्रॉनमध्ये तो आकडा खोटा नव्हता! डीएनए खरंच त्याच एका बाईचा होता, चाळीसही वेळा. डीएनए कुणाचा हा प्रश्न बरोबर सुटला होता, तो तिथं आला कसा हा प्रश्न कुणी स्वतंत्रपणे विचारलाच नव्हता. स्पर्शाच्या डीएनएमध्ये हे दोन प्रश्न कधीच एकत्र करू नयेत, कोर्टात तर नाहीच नाही, कारण पहिल्या प्रश्नाचा प्रचंड आकडा ऐकून न्यायाधीश आणि ज्युरी दुसऱ्याचंही उत्तर मिळालं असं धरून चालतात.

यानंतर बदल झाले. २०१० मध्ये युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या फॉरेन्सिक डीएनए तज्ज्ञांच्या गटांनी मिळून निवेदन काढलं की प्लास्टिकचं सामान आणि रसायनं बनवणाऱ्यांकडून येणाऱ्या प्रदूषणाचं काय करायचं, त्यात कारखान्यातल्या कामगारांची प्रोफाइल्स वगळणीच्या यादीत ठेवण्याचा मुद्दा होता. २०१६ मध्ये आयएसओ १८३८५ हे मानक आलं, फॉरेन्सिक कामासाठी लागणारं सामान बनवताना माणसाचा डीएनए त्यात येण्याचा धोका कसा कमी करायचा यावर. "कमी करायचा" हे शब्द वाचताना नीट लक्षात ठेवायचे, शून्य असं कुणी म्हटलेलं नाही. वगळणीची यादी म्हणजे पोलीस, फोटोग्राफर, डॉक्टर, लॅबचे लोक, सफाईवाले, आणि आता सामान बनवणारे, यांची प्रोफाइल्स वेगळी ठेवायची आणि प्रत्येक निकाल आधी त्यांच्याशी पडताळायचा. कामगारांच्या खासगीपणाचा प्रश्न त्यात आहेच आणि तो क्षुल्लक नाही, त्यांची प्रोफाइल्स गुन्हेगारांच्या डेटाबेसमध्ये मिसळली जाणार नाहीत याची हमी कायद्यानं द्यायला हवी, नुसत्या तोंडी आश्वासनावर कुणी का सॅम्पल द्यावं.

रोजच्या कामात माझा आग्रह एकाच गोष्टीचा राहील, घटनास्थळीच त्याच पाकिटातला एक स्वॅब उघडायचा, त्याच पाण्यानं ओला करायचा, वस्तूला न लावता बंद करायचा आणि केसच्या बाकी सॅम्पलबरोबर पाठवायचा. वर सांगितलं तसं यानं सगळं पकडलं जाणार नाही. पण चाळीस ठिकाणी चाळीस कोरे स्वॅब गेले असते आणि त्यांचे निकाल एका जागी ठेवून बघितले असते, तर ती त्यातल्या एखाद्या कोऱ्या स्वॅबवर लवकर सापडण्याची चांगली शक्यता होती. सोबत प्रत्येक स्वॅबचा बॅच नंबर केसच्या नोंदीत हवाच, म्हणजे दोन लांबच्या केसेस जुळल्या की पहिला प्रश्न हा विचारता येतो की दोन्हीकडचं सामान एकाच ठिकाणचं होतं का.

किझेवेटरचा खून कुणी केला ते नोव्हेंबर २०११ मध्ये समोर आलं. आयझेनाखमध्ये जळालेल्या एका कॅम्परमध्ये उवे मुंडलोस आणि उवे ब्योनहार्ट या दोन नवनाझी दहशतवाद्यांचे मृतदेह आणि दोन्ही पोलिसांची पळवलेली पिस्तुलं सापडली. त्यांच्या गटाचं नाव एनएसयू, म्हणजे नॅशनल सोशलिस्ट अंडरग्राउंड. त्यांच्या त्स्विकाऊमधल्या घरातून एक जॉगिंगची पँट मिळाली, तिच्यावर किझेवेटरचं रक्त आणि खिशातल्या टिश्यू पेपरवर मुंडलोसचा डीएनए. त्यांची साथीदार बेआटे चेपे हिला म्युनिकच्या कोर्टानं ११ जुलै २०१८ ला दहा खुनांसाठी जन्मठेप दिली, त्यात हा खून पण होता. पँटवरचा डीएनए इतका भक्कम का, तर तो एकटा नव्हता, त्याच्यासोबत पिस्तुलं होती, रक्ताचा डाग होता, आणि तो तिथं कसा आला याचं सरळ स्पष्टीकरण होतं.

आणि तरीही याच प्रकरणाला एक शेपूट आहे. २००१ मध्ये बव्हेरियातून नाहीशी झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीचे अवशेष २०१६ च्या जुलैमध्ये थुरिंगियाच्या जंगलात मिळाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं की तिथल्या कापडाच्या एका चिमुकल्या तुकड्यावर ब्योनहार्टचा डीएनए आहे. देशभर खळबळ. एनएसयूनं लहान मुलांचेही खून केले का याची चर्चा सुरू, त्या मुलीच्या आईपर्यंत ही बातमी पोचलेली. पण या वेळी तपास करणाऱ्यांनी वस्तू आली कुठून हे शोधायला घेतलं, आणि २०१७ मध्ये सांगितलं की तो तुकडा ब्योनहार्टच्या कॅम्परमध्ये सापडलेल्या हेडफोनच्या कापडाचा आहे. दोन्ही घटनास्थळी थुरिंगिया पोलिसांच्या घटनास्थळ पथकानं काम केलं होतं, आणि तो तुकडा तपासाच्या कामातूनच जंगलापर्यंत पोचला होता.